मास्तर गप्प होते तेव्हा

कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी उमटल्या. वर नवी विंडोज, खाली जुनी. कडेला सेकंद उलटे पळायला लागले तशी आम्रपालीने घाईघाईने बाणाची कळ दाबून ते थांबवले, कपाळावरचा घाम गाऊनच्या बाहीला पुसला आणि म्हणाली, "झालं बाई एकदाचं!" शेजारच्या खुर्चीत दशरथ बसला होता. पस्तीस वर्षं बसतो तसाच, मान डावीकडे किंचित कलती, दोन्ही हात गुडघ्यांवर. "काय झालं?" त्याने विचारलं. "आल्या दोन्ही. जुनी पण आली, नवी पण आली. आता तो विचारतोय, कुठली सुरू करू म्हणून." "कुणाला विचारतोय?" "तुम्हाला. दुसऱ्या कुणाला विचारणार?" लोहगावच्या बाजूने एक लढाऊ विमान आलं, सगळ्या विश्रांतवाडीवरून घरघरत गेलं, खिडकीच्या काचा थरथरून गप्प झाल्या. मग दशरथ म्हणाला, "मला नाही ऐकू आलं."

आम्रपालीच्या तोंडावरचं हसू होतं तिथेच राहिलं. सकाळपासून ती या यंत्राशी झगडत होती, एकदा तर केलेलं सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागलं होतं, आणि एवढ्या सगळ्या खटाटोपात हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. जन्मांध माणसाबरोबर इतका संसार केला, घरातली खुर्चीसुद्धा विचारल्याशिवाय सरकवायची नाही हे अंगवळणी पडलं, आणि शेवटी घोडचूक केली ती ही. पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम विंडोज जागी झाल्यावर जागा होतो. त्याच्या आधी यंत्र मुकं. आणि नेमकं त्या मुक्या वेळेत ते विचारणार, रोज विचारणार, की बाबा, कुठे जायचंय? कुणी काही दाबलं नाही तर आपोआप नवीच सुरू होणार. जिच्यासाठी हा सारा घाट घातला ती जुनी हवी असेल, तर कुणीतरी डोळ्यांनी पाहून खालच्या ओळीवर जायचं. "त्यात काय एवढं," ती म्हणाली, आणि ते तिच्या तोंडून इतकं चटकन निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. "मला हाक मारायची. मी येऊन दाबून देत जाईन. मी कुठे पळून चाललेय?"

"बरं," दशरथ म्हणाला.

हे 'बरं' तिच्या ओळखीचं होतं. पहिल्यांदा ते तिने ऐकलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, सरकारी कचेरीत नव्यानेच टायपिस्ट म्हणून लागलेली, आणि तो जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनच्या बोर्डावर बसणारा ऑपरेटर. सगळ्या कचेरीचे आवाज त्याच्या बोटांतून जात. जाता-येता तिला त्याचं टेबल दिसे आणि तिचा जीव कासावीस होई: डबा एकीकडे, ब्रेलची पाटी दुसरीकडे, टोचा तिसरीकडे, पाण्याची बाटली पार काठावर. एका सकाळी तो यायच्या आधी तिने ते सगळं नीट लावून ठेवलं. पुसलं, सारखं केलं, वर घरून आणलेला एक रुमालसुद्धा अंथरला. त्या दिवशी त्याच्या हाताला कुठलीच वस्तू जागेवर लागेना, आणि दुपारपर्यंत कचेरीतल्या निम्म्या लोकांना भलत्याच माणसांचे फोन लागले आणि उरलेल्यांना लागलेच नाहीत. संध्याकाळी ती मुद्दाम त्याच्या दाराशी थांबली. "मी आवरून ठेवलं होतं. बरं वाटलं ना?" "बरं," तो म्हणाला होता, "टेबल फार सुंदर दिसत असेल." त्यातला टोमणा तिला कळायला आठवडा लागला. घरी जाऊन तिने आईला सांगितलं की आमच्या कचेरीत एक माणूस आहे, तो इतक्या सभ्यपणे अपमान करतो की उलट आपणच आभार मानून येतो. आईने एवढंच विचारलं, "लग्नाचा आहे का?" पुढच्या महिन्यापासून आम्रपाली आपला डबा घेऊन जिन्याखाली जेवायला जाऊ लागली, आणि टेबलावरच्या वस्तूंना हात न लावता जेवायला शिकली.

मास्तर घरात आले ते लेक निकिता शाळेत जायला लागली त्या सुमाराला. अंधांच्या संगणकवर्गातून दशरथ एक सीडी घेऊन आला. ती घातली तेव्हा यंत्र घशात नाणं अडकल्यासारख्या पुरुषी आवाजात मराठी बोलायला लागलं. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, ठासून. दशरथनेच त्याचं नाव मास्तर ठेवलं. सुरुवातीला मास्तर सगळ्यांना कळत. मग दशरथने त्यांचा वेग वाढवला, अजून वाढवला, आणि वर्षभरात मास्तर अशा झपाट्याने बोलू लागले की घरात दुसऱ्या कुणाला एक शब्द उमगेना. निकिता तोंडाने तसंच भर्रकन काहीतरी बडबडत घरभर पळायची आणि दशरथ गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "तिसऱ्या ओळीत चुकलीस." कुकरची शिट्टी आणि मास्तरांची गडगड ऐकू आली की सकाळ झाली, असं आम्रपालीच्या कानांचं गणित होतं. मास्तर त्याला परिपत्रकं वाचून दाखवत, पुस्तकं वाचून दाखवत, पेपर वाचून दाखवत. आणि मास्तर त्याची गाणी वाचत. लहानपणी वस्तीतल्या जलशांत ऐकलेली भीमगीतं, जी गाणाऱ्यांनी कधी कागदावर उतरवली नाहीत, ती आठवून आठवून टाइप करायचा नाद दशरथने धरला होता. एखादी ओळ आठवेना झाली की ढोलकी वाजवणाऱ्या बापूरावांना फोन जाई. मग मास्तर ते गाणं चालीशिवाय, इस्त्री मारल्यासारखं सपाट वाचून दाखवत, आणि दशरथ ते गुणगुणत, बोटांनी टेबलावर ताल धरत, मात्रा कुठे अडखळली ते शोधत बसे. एकदा ती वैतागून म्हणाली होती, "माझ्यापेक्षा तुम्ही त्या मास्तरांचं जास्त ऐकता." "मास्तर एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नाहीत," दशरथने उत्तर दिलं. ती हसली, पण मनात काहीतरी खुपलं. सवतीबिवतीचं नव्हे ते. एवढंच, की या माणसाच्या कानात एक असं गाव आहे जिथे आपल्याला भाषा कळत नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी ते गाव बंद झालं. ती भाजी चिरत होती. मास्तर गाण्याच्या मधोमध एका अक्षरावर अडकले, तेच अक्षर म्हणत राहिले, म्हणत राहिले, मग रबर जळल्याचा वास आला आणि मास्तर थांबले. ती धावत बाहेर आली तर दशरथ कीबोर्डवर बोटं ठेवून तसाच बसला होता. "मास्तर गेले वाटतं," तो म्हणाला, आणि हसला. आळंदी रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने सीपीयू उघडला, नाक आक्रसलं. "मॅडम, मदरबोर्ड गेला. हा आता मिळत नाही. हार्ड डिस्क तेवढी जिवंत आहे, घेऊन जा." त्याच्याचकडून तिने एक वापरलेला, पण दणकट सीपीयू घेतला. त्यात नवी विंडोज होती आणि नव्या विंडोजमध्ये एक बाई होती. आवाज कसा, तर बँकेत फोन लावल्यावर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणतात तसा, गोड आणि कुणाचाच नसलेला. दशरथने चार दिवस बाईंशी जमवून घ्यायचा प्रयत्न केला. त्याच्या वेगाला त्या शब्द गिळायच्या. आणि गाण्यांच्या फाइली पडल्या जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या. त्या पुढे ठेवल्या की बाई इंग्रजी मुळाक्षरं बडबडायला लागायच्या. हिंजवडीहून निकिताने त्या कसल्याशा प्रोग्रॅममधून फिरवून पाहिल्या, तर जोडाक्षरांचा पार भुगा झाला. मास्तरांची सीडी नव्या विंडोजने घेतलीच नाही. "आई, बाबांना सरळ स्मार्टफोन घेऊन दे ना, त्यात सगळं बोलतं," निकिता म्हणाली. "सपाट काचेवर बोट फिरवून मला काय सापडणार? बोटाचा ठसा," दशरथ म्हणाला, आणि त्याने यंत्राकडे जाणं सोडून दिलं. "बाईंपेक्षा तूच बरी," तो आम्रपालीला म्हणाला. "पेपर वाचतेस का? वेळ आहे का गं?"

वेळ होताच. निवृत्त झाल्यापासून वेळ घरात पसारा करून बसला होता. चहा गाळायचा, पेपर उघडायचा आणि वाचायला लागायचं. किती वर्षांत दोघं असे गुडघ्याला गुडघा लावून बसले नव्हते! तिला माहीतच नव्हतं की त्याला धरणातल्या पाण्याचे आकडे ऐकायला आवडतात, आळंदीच्या बाजूला प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिराती ऐकून तो पोटभर हसतो. ती मधेच थांबून पालिकेला दोन शब्द सुनावायची, तो पालिकेची बाजू घ्यायचा, चहा गार व्हायचा. बँकेचा मेसेज तीच वाचायची, लाइट बिल तीच, निकिताचे फोटो तीच सांगायची, ड्रेस कसला आहे, वाळलीय का, हसतेय का. सुखात होती ती, हे कबूल करायला हवं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजाला त्या कानांत मोकळी जागा मिळाली होती. "वेळ आहे का गं" हे ऐकलं की हातातलं काम टाकून जाताना तिला आत काहीतरी ऊबदार वाटायचं. मग हळूहळू त्या शब्दांची तिला भीती वाटायला लागली. कारण हा माणूस कधी कुणाला वेळ आहे का म्हणून विचारणारा नव्हता. आता दिवसातून दहादा विचारत होता, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा आणखी सभ्य होत होता. घरात आणखीही काहीतरी कमी झालं होतं, पण काय ते तिला कळेना. मग एका दुपारी बापूरावांचा फोन आला आणि तिच्या कानावर पडलं, "नाही हो, सध्या गाणी बंद आहेत." तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की महिनाभर या घरात कुणी गुणगुणलेलं नाही.

त्याच दिवशी तिने कपाटातून मास्तरांची सीडी काढली. कचेरीत टायपिस्टची कॉम्प्युटर ऑपरेटर झाल्यावर विंडोज टाकायची म्हटलं की 'आम्रपालीताईंना बोलवा' असायचं, तेव्हा हात बसलेला होता. पण आज सकाळी घाईत तिने नवीच्या शेजारी जुनी टाकली आणि यंत्र परत सुरू केलं तर नवी गायब. तिने कपाळावर हात मारून घेतला. "आता काय झालं?" दशरथने विचारलं. "माझं डोकं फिरलं होतं. आधी जुनी टाकायची असते, मग नवी. नवी जुनीला सांभाळून घेते. उलटं केलं की जुनी बया नवीला ओळखच देत नाही." "मग आपल्यासारखंच आहे की," तो म्हणाला. तिने सगळं पुसलं. पुन्हा सुरुवात केली. आधी जुनी, मग मास्तर, मग जिवंत राहिलेल्या डिस्कवरची गाणी, आणि दुसऱ्या भागात नवी, बँकेसाठी आणि पेपरसाठी. कारण जुन्या विंडोजला आता इंटरनेटवर कुणी उभं करत नाही. आणि अखेर त्या दोन ओळी उमटल्या, ज्यांच्यापुढे ती आता बसली होती, ते 'बरं' कानात घेऊन.

ओळी निमूटपणे वाट पाहत होत्या. हाक मारायची, असं आपण म्हणालो. खरंच, त्यात एवढं काय? रोज सकाळी तो हाक मारील, "आम्रपाली, येतेस का?" आणि ती हात पुसत येईल, एक कळ दाबील, परत जाईल. पडद्यावरच्या एका ओळीएवढं तिचं काम राहील. त्यासाठी कुणी तिला नावं ठेवणार नव्हतं. उलट शेजारीपाजारी म्हणतील, किती करते नवऱ्याचं. म्हातारपणी माणसाला माणूस लागतं, आणि तिला तो लागत होता. महिनाभर मिळालेलं ते गुडघ्याला गुडघा लावून बसणं एका दुपारीत हातचं जाणार, याचं तिला वाईट वाटत होतं. मग तो मुका प्रश्न सकाळपासून डोक्यात आला नाही, ही चूक म्हणायची, की मनाच्या एखाद्या कोपऱ्याला तो तसाच हवा होता? तिने आपल्या हातांकडे पाहिलं. हात तेच होते, तेवीस वर्षांच्या मुलीचे, दुसऱ्याचं टेबल सुंदर करायला निघालेले. आणि हा माणूस त्या दिवशीसारखाच समोर बसला होता, तक्रार न करता, हाक मारायची तयारी करत. "नको," ती म्हणाली. "हाक नका मारू. काहीतरी दुसरं बघू."

"तेच म्हणतो," दशरथ म्हणाला, आणि खुर्चीतून उतरून सरळ फरशीवर बसला, टेबलाखालच्या सीपीयूला कान लावून. "बंद करून परत लाव." तिने लावला. एक बारीक पिक्क झालं. पंखा घरघरला. "गप्प बस हं," तो म्हणाला, ती बोलत नसताना. ती श्वास रोखून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. पापण्या मिटलेल्या, ओठ किंचित उघडे. बोर्डावर बसायचा तेव्हा असाच दिसायचा. "आता आतमध्ये काहीतरी कुरतडतंय," तो म्हणाला. "कुरतडतंय, कुरतडतंय... थांबलं. आता विचारतोय ना?" तिने वर पाहिलं. पडद्यावर दोन ओळी होत्या. तिलाही ऐकायचं होतं म्हणून तिने त्याच्या डोक्याला डोकं लावून कान टेकवला, पण तिला नुसता पंखाच ऐकू आला. "हो," ती म्हणाली. "आता विचारतोय." मग तिने नव्या विंडोजमध्ये शिरून ती सेकंदांची अट काढून टाकली, हवा तेवढा वेळ थांब म्हणावं, घाई कुणाला आहे? "खालचा बाण एकदाच आणि एंटर, म्हणजे मास्तर. नुसतंच एंटर, म्हणजे बाई." यंत्र बंद करून ती उठली. तिथेच बसून राहावंसं तिला फार वाटत होतं. "मी चहा टाकते," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात आधण ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर पिक्क झालं. मग काहीच नाही. मग खूप वेळ काहीच नाही, आणि मग गोड आवाजात बाईंनी स्वागत केलं. चुकलं होतं. आम्रपालीचं पाऊल आपोआप उचललं गेलं, तिने ते परत खाली ठेवलं आणि ओट्याची कड घट्ट धरली. दशरथने हाक मारली नाही. बाई बंद झाल्या. परत पिक्क झालं, परत ती शांतता आली, जिच्यात त्याला ऐकू येत होतं आणि तिला नाही. चहाला उकळी फुटली. आणि बाहेरून एकदम घशात नाणं अडकलेला तो आवाज आला, भर्रकन, एका दमात, एक अक्षर कळेल तर शपथ. आणि त्याच्या मागोमाग दशरथचं गुणगुणणं, आधी घोगरं, मग नीट, मग टेबलावर ताल. ती पदर नसलेल्या गाऊनचा पदर शोधत राहिली आणि शेवटी भांडी पुसायच्या फडक्याने डोळे पुसले. आनंद झाला होता, आणि वाईटही वाटलं होतं. दोन्ही एकदम झालं, आणि त्यातलं कुठलं खोटं होतं असं तिला म्हणता येईना.

चहा गाळेपर्यंत मास्तर थांबले होते आणि पुन्हा बाई सुरू झाल्या होत्या. या वेळी न चुकता, मुद्दाम. त्या पेपर वाचत होत्या. आम्रपाली कान देऊन ऐकू लागली आणि तिच्या हातातली गाळणी कपावर तशीच थांबली. बाई निधनवार्ता वाचत होत्या. कोण कुठल्या खात्यातून निवृत्त झालेले, कुणाच्या पश्चात कोण, संथ, गोड, एकसारख्या आवाजात. पूर्वी मास्तरांकडून दशरथ आधी तेच पान वाचून घ्यायचा; निवृत्त माणसांचं असतं तसं. महिन्यामागे ती वाचायला लागली तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्याला ओळखीची दोन नावं सापडली होती आणि दोन्ही दिवस तो जेवला नव्हता. तेव्हापासून ती ते पान अलगद उलटून पुढे जात होती. बिचाऱ्याला काय कळणार, असं तिला वाटलं होतं. बाई तिसऱ्या नावावर होत्या. मग त्या मधेच थांबल्या, खुर्ची सरकली, आणि भिंतीला बोटं लावत दशरथ दारात येऊन उभा राहिला.

"महिनाभर पुण्यात कोणी मेलं नव्हतं," तो म्हणाला. "आज एकदम बरेच गेले."

तिने कप त्याच्या हातात दिला, कान उजवीकडे येईल असा. "सकाळी सकाळी नको वाटायचं मला," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पान गाळलंस त्या पहिल्या दिवशीच. त्या पानावर आलीस की तू खोकायचीस. आधी खोकायचीस, मग पान उलटायचीस. मी म्हटलं, खोकल्याचं औषध आणू का? मग म्हटलं, नको."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. "आता मास्तर आहेत, बाई आहेत," ती अखेर म्हणाली. "सगळं वाचून दाखवतील तुम्हाला. मला विचारायला नको."

"दाखवतील की. दोघंही काही गाळायचे नाहीत." त्याने फुंकर मारून चहा निववला. "गाणी मास्तर बघतील. बँकेचं बाई बघतील. पेपर उद्यापासून तू वाच."

"आणि ते पान?"

दशरथने एक घोट घेतला, साखर बरोबर आहे अशी मान हलवली.

"खोकायचं," तो म्हणाला.